चोरलेली किल्ली

चोरी हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें सामान्यतः एक सरळ चित्र उभें राहतें. एक वस्तु एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली. मालकापाशीं होती ती आतां नाहीं. आणि जें नुकसान झालें तें त्या वस्तूच्या किंमतीइतकें झालें. दागिना, भांडें, घड्याळ, पैशांचें पाकीट यांच्या बाबतींत हा हिशेब बरोबर जुळतो. किल्लीच्या बाबतींत मात्र तो जुळत नाहीं. किल्लीच्या धातूला मोल असें फारसें नसतें, आणि ज्यानें ती नेली त्याला धातु नकोच असतो. त्यानें नेलेला असतो प्रवेशाचा अधिकार. तो अधिकार तो आज रात्रीं वापरील, महिन्यानें वापरील, कीं कधींच वापरणार नाहीं, हें मालकाला कळण्याचा मार्ग नसतो. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी कीं, चोरलेला दागिना एका वेळीं एकाच ठिकाणीं असूं शकतो. पण किल्ली चोरली जाऊनहि मालकाच्या खिशांत सुखानें खुळखुळत राहूं शकते.

आगगाडींत किंवा बाजारांत हातांतील पिशवी नाहींशी झाली, तींत घराची व मोटारीची किल्ली एकाच कडींत अडकविलेली होती, आणि शेजारींच पत्ता छापलेला एखादा कागद होता, हा प्रसंग आज कोणावरहि येऊं शकतो. अशा वेळीं मनुष्य प्रथम गोंधळतो, मग पिशवींतील पैशांचा हिशेब करतो, आणि किल्लीचा विचार त्याच्या मनांत सर्वांच्या शेवटीं येतो. वास्तविक तो सर्वांच्या आधीं यावयास पाहिजे. तो कां, आणि त्या विचारानंतर करावयाचें काय, या प्रश्नाला इतिहासानें पूर्वींच उत्तर दिलेलें आहे. कारण किल्ल्या चोरण्याचा धंदा कुलपाइतकाच जुना आहे. त्या इतिहासांतील कांहीं निवडक प्रसंग वाचकांपुढें मांडून त्यांतून निघणारा बोध पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

आपल्या भाषेंत या वस्तूंचीं नांवें देशोदेशींहून आलेलीं आहेत. ‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’ याचें रूपांतर होय, आणि ‘चावी’ पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यास लागली. वस्तु मात्र या शब्दांहून पुष्कळ प्राचीन आहे. असुरी राजा दुसरा सार्गोन याचा राजवाडा ज्या खोर्साबाद येथें होता, तेथील अवशेषांत लांकडी कुलपाचा नमुना आढळला. म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकांत ही युक्ति माहीत होती. अडसराच्या भोंकांत वरून लहान खुंट्या पडाव्या आणि अडसर अडकून बसावा; किल्लीवरील दांत्यांनीं त्या खुंट्या वर उचलाव्या आणि अडसर मोकळा व्हावा, अशी ही रचना होती. अमेरिकेंतील लायनस येल यानें १८६० नंतरच्या दशकांत जें पितळी कुलूप प्रचारांत आणलें, आणि जें आज निम्म्या जगाच्या दारांवर दिसतें, त्याचें तत्त्व हेंच आहे.

किल्ली म्हणजे अधिकार, ही कल्पना सर्वांत स्पष्टपणें रोमन लोकांनीं मांडली. त्यांच्या पायघोळ वस्त्राला खिसा नसे. म्हणून लहान किल्ल्या अंगठीला जोडून बोटांत घालण्याची चाल तेथें पडली, आणि अशा शेंकडों अंगठ्या आज युरोपांतील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. कोठारांतील माल विकल्यावर तो एकेक उचलून देण्याची आवश्यकता नाहीं, कोठाराची किल्ली दिली कीं मालाची मालकी दिली, असें जस्टिनियनच्या विधिग्रंथांत सांगितलें आहे. घटस्फोट देतांना पत्नीकडून किल्ल्या परत घेण्याची रीत होती. तिचा उल्लेख सिसरोनें एका भाषणांत टोमण्याच्या रूपानें केला आहे. याची दुसरी बाजू फार कठोर होती. पतीनें पत्नीचा त्याग कोणत्या कारणांसाठीं करावा हें सांगतांना रोम्युलसच्या कायद्यांत खोट्या किल्ल्या करणें हें एक कारण दिलें होतें, असें प्लुटार्क लिहितो. मद्याच्या कोठाराच्या किल्ल्या ज्या पेटींत होत्या ती पेटी उघडल्याबद्दल एका गृहिणीला तिच्याच आप्तांनीं उपाशी ठेवून मारलें, अशी हकीकत फेबियस पिक्टर याच्या आधारें प्लिनीनें नोंदविली आहे. अपराध कोठार लुटण्याचा नव्हता. किल्लीला हात लावण्याचा होता. आपल्याकडे घरच्या कर्त्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, आणि सासूनें तो सुनेच्या स्वाधीन करणें हा घराच्या इतिहासांत एक राज्यारोहणाचाच दिवस असे, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या रोमन कठोरतेचा अर्थ समजावयास अडचण पडणार नाहीं, मग ती कितीहि निंद्य वाटो.

मध्ययुगीन युरोपांतील कारागीर-संघांनीं या प्रश्नाकडे अधिक व्यवहारी दृष्टीनें पाहिलें. तेराव्या शतकांत पॅरिसचा अधिकारी एत्येन ब्वालो यानें तेथील धंद्यांचे नियम लेखनिविष्ट केले. त्यांत कुलूपवाल्यांना अशी आज्ञा आहे कीं, प्रत्यक्ष कुलूप आपल्या दुकानांत समोर असल्याखेरीज त्याची किल्ली करूं नये. लंडनच्या लोहारांनीं १३९४ सालीं असाच नियम केला. कोणी नुसता ठसा आणून दिला तर त्यावरून किल्ली घडवूं नये. मूळ किल्ली किंवा तिचें कुलूप दाखविलें पाहिजे. आणि यापूर्वीं झालेले अनर्थ हेंच या नियमाचें कारण, असें त्यांनीं नमूद करून ठेवलें. मेणांत किंवा मातींत किल्ली क्षणभर दाबावी, जागच्या जागीं ठेवावी आणि ठसा घेऊन चालतें व्हावें, ही कला चौदाव्या शतकांतच इतकी रूढ झाली होती कीं तिच्यासाठीं वेगळा कायदा करावा लागला.

आपल्याकडे याच विषयावर एक संपूर्ण नाटक आहे, आणि तें संस्कृत वाङ्मयांतील अत्यंत कुशल नाटकांपैकीं एक आहे. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षसांत किल्ली नाहीं. तिच्या ठिकाणीं अमात्य राक्षसाची नाममुद्रा आहे. परंतु मुद्रा काय आणि किल्ली काय, दोन्हींचें काम एकच: जो हातीं धरील त्याला मालक म्हणून चालविणें. चंदनदासाच्या घरीं आश्रयास असलेल्या राक्षसपत्नीच्या बोटांतून ही मुद्रा गळून पडते, ती चाणक्याच्या हेराला सांपडते, आणि चाणक्य तिनें एक पत्र मुद्रित करतो. येथपर्यंतची गोष्ट साधी चोरीची आहे. चाणक्याची खरी करामत यापुढची. काम होतांच तो ती मुद्रा राक्षसाकडे परत पोहोंचती करतो! सिद्धार्थक ती घेऊन येतो, चंदनदासाच्या दारापाशीं सांपडली म्हणून सांगतो, आणि राक्षस, ज्याच्या बुद्धीची चाणक्यालाहि धास्ती, तो ती ओळखतो, ठेवून घेतो, आणि यापुढें हिनेंच व्यवहार करावा असें शकटदासाला सांगतो. ही मधल्या काळांत कोणाच्या हातीं होती, तिनें काय काय मुद्रित झालें, ही चौकशी तो करीत नाहीं. पांचव्या अंकांत तें पत्र मलयकेतूपुढें उघडलें जातें आणि राक्षसाचा सर्व डाव कोसळतो. त्या क्षणीं राक्षसाला नाकारतांहि येत नाहीं, कारण मुद्रा त्याचीच आहे आणि ती त्याच्याच पक्षाच्या हातीं आहे. हरवलेली मुद्रा परत मिळाली नसती तर त्यानें ती रद्द केली असती. ती परत मिळाली, यानेंच तो बुडाला.

अर्वाचीन कुलपाचा इतिहास हा मुख्यत्वें इंग्लंडांत घडला, आणि त्याला चालना मिळाली ती खोट्या किल्लीच्या एका चोरीनें. १८१७ सालीं पोर्टस्मथच्या सरकारी गोदींत बनावट किल्ल्यांनीं चोरी झाली. तेव्हां स्वतःच्या किल्लीखेरीज अन्य कशानेंहि न उघडणारें कुलूप जो करील त्याला सरकारनें शंभर पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. जेरेमाया चब्ब यानें १८१८ सालीं आपलें प्रसिद्ध कुलूप नोंदविलें. त्यांतील विशेष असा कीं, परक्या किल्लीनें किंवा आकड्यानें कोणी उघडण्याचा प्रयत्न केला तर आंतील एक पट्टी अडकून बसे, आणि मालक आपली किल्ली लावावयास गेला कीं ती फिरत नसे. म्हणजे कुलूप स्वतःच मालकाला सांगे कीं माझ्याशीं कोणी खेळ केला आहे. ही कल्पना फार मार्मिक होती. किल्लीच्या चोरीचें विष तिच्या गुप्ततेंत आहे, हें तिच्या जनकानें बरोबर ओळखलें होतें. पुढें १८५१ सालच्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्स नांवाच्या एका अमेरिकन कारागिरानें हें चब्बचें कुलूप सुमारें पंचवीस मिनिटांत उघडून दाखविलें, आणि ब्रामाचें, जें अनेक वर्षें दोनशें गिनींच्या आव्हानासह दुकानाच्या खिडकींत टांगलेलें होतें, तेंहि सोळा दिवसांत एकंदर एकावन्न तास खपून उघडलें. इंग्लंडांत मोठी खळबळ उडाली. परंतु त्या एकावन्न तासांचा खरा अर्थ चोरांना अधिक चांगला समजला. ज्या कुलपाला जगांतील सर्वश्रेष्ठ कारागिरालाहि इतका वेळ लागतो, त्याच्याशीं अंधारांत झगडण्यांत काय हंशील? त्यापेक्षां किल्लीचाच मार्ग बरा.

चारच वर्षांनीं याचें प्रत्यंतर आलें. लंडनहून पॅरिसला जाणारें सोनें त्या काळीं साउथ ईस्टर्न रेल्वेच्या गाडीनें फोकस्टन बंदरापर्यंत, आणि तेथून बोटीनें बुलोन येथें नेत असत. तें चब्बच्या लोखंडी तिजोरींत ठेवीत, आणि तिजोरीला दोन निरनिराळीं कुलुपें असत. १५ मे १८५५ च्या रात्रीं या गाडींतून सुमारें बारा हजार पौंड किंमतीचें सोनें नाहींसें झालें. तिजोऱ्या सुस्थितींत होत्या, कुलुपें शाबूत होतीं, आणि पॅरिसमध्यें पेट्या उघडल्या तेव्हां आंत शिशाचे छर्रे निघाले. फ्रेंच म्हणाले चोरी इंग्लंडांत झाली. इंग्रज म्हणाले फ्रान्समध्यें. दीड वर्षपर्यंत कोणालाच कांहीं उलगडा झाला नाहीं.

हा उलगडा शेवटीं एडवर्ड एगर या चोराच्याच जबानीनें झाला, आणि तो वाचतांना मनुष्य थक्क होतो. कंपनीची एक किल्ली पूर्वीं हरवली होती. कंपनीनें योग्य तेंच केलें: तिजोऱ्यांचीं कुलुपें चब्बकडून बदलून घेतलीं. परंतु या बदलाचा पत्रव्यवहार ज्या कचेरींतून होत होता, तेथील टेस्टर नांवाचा तरुण कारकून चोरांना सामील होता. नवी किल्ली त्याच्या हातून जातांना कांहीं क्षण एगरच्या हातीं आली आणि तिचा ठसा मेणांत उतरला. दुसऱ्या कुलपाची किल्ली फोकस्टनच्या कचेरींतील एका कपाटांत असे. बोट आली कीं तेथील मंडळी बाहेर जात. अशाच एका वेळीं पियर्स या साथीदारानें ती काढून आणली, एगरनें ठसा घेतला, आणि किल्ली पुन्हां जागेवर गेली. त्यानंतर एगरनें अनेकदां त्या गाडीनें प्रवास करून, बर्जेस या गार्डाच्या संमतीनें, आपल्या बनावट किल्ल्या कानशीनें घांसून घांसून बसत्या केल्या. एवढ्या काळांत कंपनीच्या एकाहि किल्लीचा खण रिकामा दिसला नाहीं. एगर पुढें दुसऱ्याच एका खोट्या चेकच्या गुन्ह्यांत पकडला गेला; त्याच्या मुलाच्या आईला द्यावयाचे पैसे पियर्सनें दडपले; आणि त्या संतापांत त्यानें सर्व सांगून टाकलें. १८५७ च्या जानेवारींत लंडनमध्यें खटला होऊन टेस्टर व बर्जेस यांना चौदा वर्षांची हद्दपारी आणि पियर्सला दोन वर्षांची कैद झाली.

या प्रकरणांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. किल्ली हरवली असतां कुलूप बदलणें हा उपाय बरोबर होता. पण नवी किल्ली कोणाच्या हातून येते इकडे लक्ष नसेल तर तोच उपाय चोराला दार उघडून देतो. दुसरी गोष्ट अशी कीं, संशय नेहमीं परक्यावर जातो आणि किल्ली बहुधा विश्वासाच्या माणसाच्या हातून जाते. आपल्याकडे घरांतील किल्ली दिसेनाशी झाली कीं प्रथम मोलकरणीच्या तोंडाकडे पाहण्याची वाईट खोड पुष्कळांना आहे. तिच्या अन्नावर घाला घालण्यापूर्वीं थोडा धीर धरलेला बरा. याला आणखी एक जोरदार साक्ष डब्लिन शहराची आहे.

डब्लिनच्या किल्ल्यांतील एका कचेरींत आयर्लंडचीं राजचिन्हें, म्हणजे हिरेमाणकांनीं जडविलेले पदकादि अलंकार, सर आर्थर व्हिकर्स या अधिकाऱ्याच्या ताब्यांत असत. १९०३ सालीं तेथें मुद्दाम खजिन्याची खोली बांधण्यांत आली. परंतु तिजोरी त्या खोलीच्या दारांतून आंत जाईना, म्हणून ती बाहेर ग्रंथालयांतच राहिली! तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या व्हिकर्सपाशींच होत्या, एक अंगावर आणि एक घरांत लपविलेली. कचेरीच्या बाहेरच्या दाराच्या किल्ल्या मात्र सात जणांकडे होत्या. ३ जुलै १९०७ रोजीं सकाळीं झाडलोट करणाऱ्या बाईला बाहेरचें दार उघडें आढळलें. तिनें तें शिपायाला सांगितलें, शिपायानें साहेबांच्या कानांवर घातलें, आणि साहेबांनीं तें मनावर घेतलें नाहीं. ६ तारखेस सकाळीं त्याच बाईला खजिन्याच्या खोलीचें दार अर्धवट उघडें दिसलें. तिनें पुन्हां कळविलें आणि पुन्हां तोच प्रकार झाला. त्या दिवशीं दुपारीं तिजोरी उघडली तेव्हां ती रिकामी होती. तिच्यावर बळजबरीची खूण नव्हती; ती किल्लीनेंच उघडली गेली होती. चारच दिवसांनीं राजा सातवा एडवर्ड आयर्लंडच्या भेटीस यावयाचा होता. ते अलंकार शेवटचे पाहिल्याची नोंद ११ जूनची होती. म्हणजे मधल्या जवळजवळ चार आठवड्यांत ते केव्हां गेले हेंहि सांगतां येईना. १९०८ सालीं चौकशीमंडळानें व्हिकर्सवर हयगयीचा ठपका ठेवला. तें जडजवाहीर आजतागायत सांपडलेलें नाहीं. एवढ्या मोठ्या कचेरींत ज्या एका व्यक्तीनें आपलें काम चोख केलें, ती झाडूवाली बाई होती.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १८६० सालच्या हिंदी दंडविधानाच्या कर्त्यांनीं या प्रश्नाचा विचार फार बारकाईनें केलेला दिसतो. घर फोडणें म्हणजे काय हें ४४५ व्या कलमांत सांगतांना त्यांनीं भिंतीला भोंक पाडणें, खिडकींतून शिरणें यांच्या रांगेंतच एक उदाहरण असें दिलें आहे कीं, एकाच्या दाराची हरवलेली किल्ली दुसऱ्याला सांपडली आणि तिनें दार उघडून तो आंत शिरला, तर तेंहि घरफोडीच होय. दाराला ओरखडाहि उठलेला नाहीं, तरीहि घर फुटलें! सामान्य मनुष्याला ही भाषा विचित्र वाटेल, परंतु तींत खोल न्याय आहे. घर हें विटांनीं बंद होत नाहीं. तें मालकाच्या इच्छेनें बंद होतें, आणि त्या इच्छेविरुद्ध आंत येणारा खरी किल्ली घेऊन आला काय किंवा पहार घेऊन आला काय, सारखाच. १ जुलै २०२४ पासून त्या दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली आहे.

कुलपाच्या बाजूनेंहि मुंबईंत एक उत्तर दिलें गेलें. वर्तमानपत्रांतून शहरांतील चोऱ्यांच्या बातम्या वाचून अर्देशिर गोदरेज यांनीं १८९७ सालीं कुलुपें करण्याचा कारखाना काढला, हें सर्वश्रुत आहे. त्यांनीं केलेल्या एका कुलपाचें नांव ‘गॉर्डियन’ असें होतें. त्याला दोन किल्ल्या असत, आणि दोहोंनीं तें उघडे. परंतु त्यांपैकीं एका किल्लीनें कुलपाची अंतर्रचनाच अशी फिरवितां येई कीं दुसरी किल्ली त्यानंतर निरुपयोगी व्हावी. म्हणजे रोजच्या वापरांतील किल्ली चोरीस गेली, तर मालकानें घरांत जपून ठेवलेली दुसरी काढावी आणि चोराच्या हातांतील किल्लीचा क्षणांत लोखंडाचा तुकडा करून टाकावा. हातांतून गेलेल्या वस्तूमागें धांवण्यापेक्षां तिचें सामर्थ्यच हरण करावें, हा विचार या कुलपांत मूर्त झाला आहे, आणि या सर्व विषयांतील शहाणपण माझ्या मतें एवढ्यांतच सांठवलेलें आहे.

मोटारीचा इतिहास हीच कथा पुन्हां सांगतो. मोटारींत प्रथम किल्ली नव्हतीच. दांडा फिरवील त्याची गाडी चालू होई. पुढें विजेचा प्रवाह बंद करणारी किल्ली आली. पण तारा जोडून तिला चकविणें चोरांना कठीण गेलें नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस किल्लीच्या मुठींत एक सूक्ष्म विद्युत्साधन बसविण्यांत आलें. तें ओळख पटवून देईल तेव्हांच इंजिन चालावें, अशी योजना झाली, आणि युरोपांत १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची करण्यांत आली. तारा जोडणारा चोर हतबल झाला. मग त्यानें काय केलें? १८५५ च्या एगरनें केलें तेंच. इंग्लंडांत मोटारीच्या किल्लीसाठीं घर फोडण्याचा एक नवाच प्रकार सुरू झाला. चोर चांदीच्या भांड्यांकडे ढुंकूनहि न पाहतां दारामागच्या खुंटीवरील किल्ली उचलून गाडी घेऊन जाऊं लागला. कुलूप जितकें अभेद्य होत जातें, तितका हल्ल्याचा रोख किल्लीकडे वळतो, हा नियम दीडशें वर्षांनंतरहि तसाच कायम राहिला.

आणि मेणाच्या ठशाचीहि आतां आवश्यकता उरलेली नाहीं. २०१४ सालीं अमेरिकेंतील एका प्रमुख वृत्तपत्रानें विमानतळावरील सामान तपासणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सर्वसामान्य किल्ल्यांचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. दुसऱ्याच वर्षीं लोकांनीं त्या चित्रावरून त्या किल्ल्या तयार करून प्रवासी पेट्यांचीं कुलुपें उघडून दाखविलीं. किल्ली ही धातूच्या रूपानें लिहिलेली एक खूण आहे. ती वाचतां आली कीं चोरल्यासारखीच. ज्या मोटारींची किल्ली खिशांतूनच बोलते, तिचा आवाज दाराबाहेरून यंत्रानें पकडून गाडीपर्यंत पोहोंचवितात आणि गाडी नेतात. मालक जागा होतो तेव्हां किल्ली त्याच्या उशाशीं असते.

या सर्व इतिहासाचा प्रस्तुत प्रश्नाला काय उपयोग, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर देणें कठीण नाहीं. पिशवीसह घराची व मोटारीची किल्ली गेली असतां पहिलें कर्तव्य म्हणजे वेळेचें मोल ओळखणें. चोरापाशीं किल्ली आहे आणि पत्ताहि आहे, असें धरून चालावें. म्हणून घर रिकामें असेल तर शेजाऱ्याला तत्काळ कळवून कोणाला तरी तेथें बसवावें, आणि मोटार जेथें उभी असेल तेथून हलवावी किंवा तिची वाट अडवावी. आपल्याकडे शेजाऱ्यापाशीं एक किल्ली ठेवण्याची जी जुनी चाळीची रीत आहे, ती अशा वेळीं किती उपयोगी पडते हें सांगावयास नको. दुसरें कर्तव्य पोलिसांत वर्दी देण्याचें. तींत पाकिटाबरोबर किल्ल्यांचाहि स्पष्ट उल्लेख करावा, कारण पुढें गाडी गेलीच तर विमा कंपनी मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते, आणि एक पूर्वींच चोरीस गेली होती याचा लेखी पुरावा आपल्यापाशीं असावा लागतो. विमा कंपनीलाहि त्याच दिवशीं कळवावें.

तिसरें आणि मुख्य कर्तव्य: कुलूप बदलावें. बाहेरचें साधें कुलूप असेल तर त्याच दिवशीं नवें लावावें. दारांत बसविलेलें असेल तर बहुधा सगळें दार उचकटावें लागत नाहीं, किल्ली फिरते तेवढा आंतला भाग काढून नवा बसवितां येतो. मोटारीच्या बाबतींत दुसरी किल्ली करून घेणें पुरेसें नाहीं. चोरलेल्या किल्लीची ओळख गाडीच्या स्मृतींतून पुसून टाकावयास सांगावें, म्हणजे ती किल्ली इंजिन चालवूं शकणार नाहीं. मात्र तिनें गाडीचें दार उघडूं शकतें, एवढें लक्षांत ठेवून आंत कांहीं ठेवूं नये. आणि हें सर्व काम स्वतःच्या डोळ्यांदेखत करवावें; टेस्टरची गोष्ट आपण विसरतां कामा नये.

चौथी सूचना सर्वांत कठीण आहे, कारण ती आनंदाच्या क्षणीं पाळावयाची असते. समजा, दोन दिवसांनीं कोणी भला मनुष्य पिशवी घेऊन दाराशीं आला; पैसे गेलेले आहेत, पण किल्ल्या जशाच्या तशा आहेत. त्याचे मनापासून आभार मानावे, त्याला चहा पाजावा, आणि तो गेल्यावर कुलूप बदलावयास माणूस बोलवावा. यांत त्या मनुष्यावर अविश्वास नाहीं. दोन दिवस ती किल्ली कोठें होती हें त्यालाहि ठाऊक नाहीं. बहुतेक लोक येथें चुकतात. कुलपाला पैसे पडतात, किल्ली तर परत मिळाली, मग उगाच खर्च कशाला, असा काटकसरीचा विचार त्यांना सुचतो. आणि अमात्य राक्षसासारखा मुत्सद्दी जेथें घसरला तेथें संसारी मनुष्य घसरला तर नवल नाहीं.

हें टाळण्यासाठीं आधींच पाळावयाचे नियमहि थोडेच आहेत. घराची व मोटारीची किल्ली एका कडींत ठेवूं नये. किल्लीबरोबर नांव-पत्ता कधींहि असूं नये. दारामागें खुंटीवर सर्वांना दिसेल अशी ती टांगूं नये. आणि दुसरी किल्ली कोठें आहे हें वर्षांतून एकदां तरी हातांत घेऊन पाहावें. बॅंकांच्या तिजोरीला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात, त्या एकमेकांवरील अविश्वासानें नव्हे. एकाचा हात चुकला तरी दार बंद राहावें म्हणून. कुटुंबांतहि हें तत्त्व सौम्य रूपानें पाळतां येईल.

शेवटीं एक गोष्ट. किल्ली हरवल्याचें घरांतील मूल किंवा नोकर भीतीपोटीं लपवितो, आणि तीन दिवस गेल्यावर तें उघडकीस येतें, असें पुष्कळ घरांत घडतें. ज्या घरांत हरवलेल्या किल्लीबद्दल मार किंवा बोलणीं खावीं लागतात, तेथें ती बातमी उशीरा पोहोंचणार हें ठरलेलें. डब्लिनच्या बाईनें दोनदां सांगितलें आणि तिचें कोणी ऐकलें नाहीं. निदान तिला सांगण्याची भीति तरी वाटली नाहीं. सांगणाऱ्याला अभय आणि त्याच्या सांगण्याला तत्काळ मान, हीं दोन ज्या घरांत आहेत त्या घराला किल्ली गेल्याची बातमी वेळेवर मिळते, आणि बातमी वेळेवर मिळाली तर पुढचें काम एका कुलूपवाल्याचें असतें.